जुन्या फोनची घंटी: वाजते कशी, आणि वाजत नसेल तर काय बघायचं

पुण्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावर नाहीतर कपाटाच्या तळाशी एक डायलचा फोन पडून असतो. डायलच्या मधल्या गोल कागदावर सहा आकडी नंबर शाईने लिहिलेला दिसतो. म्हणजे तो फोन पुण्याचा कोड ०२१२ होता, तेव्हाचा. असा फोन घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांचं म्हणणं बहुधा एकच असतं: "ताई, त्यावरून बोलता नाही आलं तरी चालेल, पण ती घंटी परत वाजायला हवी."

मला ही मागणी अगदी रास्त वाटते. या फोनमधला सगळ्यात टिकाऊ भाग घंटीचाच असतो. माउथपीसमधली कार्बनची पूड दमट होऊन गोळा होते, डायलचं स्प्रिंग मंदावतं, पण लोखंड, तांबं आणि पितळ यांची ती घंटी चाळीस-पन्नास वर्षांनीही वाजायला तयार असते. तिला हवी तशी वीज मिळाली पाहिजे, एवढंच.

टेलिफोनच्या प्रयोगशाळेत शिकवताना मी बघत आले की मुलांना डायल समजते, मायक्रोफोन समजतो, पण घंटीपाशी गाडी अडते. तारा दोनच. त्यांवरूनच बोलणं, त्यांवरूनच नंबर फिरवणं, त्यांवरूनच फोनला लागणारी वीज, आणि घंटीही त्याच दोन तारांवर. मग आता घंटी वाजवायची आहे हे फोनला कळतं कसं? या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की दुरुस्ती फार अवघड राहत नाही. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे वाचा.

दोन तारांवर काय चाललेलं असतं

एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या तुमच्या लाइनवर सतत ४८ व्होल्ट डीसी ठेवतात. रिसीव्हर हुकवर असतो तेव्हा फोनमधलं बोलण्याचं सर्किट तुटलेलं असतं. दाब असतो, प्रवाह नसतो. रिसीव्हर उचलला की हुक वर येतो, सर्किट पूर्ण होतं आणि साधारण २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. एक्स्चेंज एवढ्यावरून ओळखतं की कोणीतरी फोन उचलला, आणि डायल टोन देतं.

घंटी वाजायची ती रिसीव्हर खाली असताना. म्हणजे डीसीचा प्रवाह जराही वाहू द्यायचा नाही, नाहीतर एक्स्चेंज समजेल फोन उचलला. तरीही फोनमध्ये ताकद पोचवायची. यावरचा उपाय असा की एक्स्चेंज त्या ४८ व्होल्ट डीसीवर एसी चढवतं. आपल्याकडे हा एसी साधारण ७५ व्होल्टचा आणि २५ हर्ट्झचा असतो. अमेरिकेत ९० व्होल्ट आणि २० हर्ट्झ. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे घंटीची वीज तिच्या निम्म्या वेगाने दिशा बदलते.

फोनमध्ये घंटीच्या कॉइलला एक कपॅसिटर सिरीजमध्ये जोडलेला असतो आणि ही जोडी हुकच्या आधीच लाइनवर बसवलेली असते. कपॅसिटर डीसीला पूर्ण अडवतो आणि एसीला वाट देतो. किती वाट देतो ते त्याच्या क्षमतेवर आणि हर्ट्झवर ठरतं. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २५ हर्ट्झला सुमारे ६,४०० ओहमचा अडथळा दाखवतो, १.८ मायक्रोफॅरडचा सुमारे ३,५००. डायलच्या फोनांत बहुधा एक ते दोन मायक्रोफॅरडच्या दरम्यानचा कपॅसिटर असतो. वरवर क्षुल्लक दिसणारा हाच भाग पन्नास वर्षांनी पहिला बिघडतो. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता खुद्द घंटी. ग्रॅहॅम बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी १८७८ साली जी रचना केली, तीच मूळ कल्पना आपल्या डायलच्या फोनांपर्यंत चालत आली. दोन कॉइल, एक कायमचं चुंबक, आणि मधे डोलणारी लोखंडी पट्टी. पट्टीला एक काडी आणि काडीच्या टोकाला छोटी हातोडी. कायमच्या चुंबकामुळे पट्टीला स्वतःची दिशा मिळते: प्रवाह एका दिशेला गेला की ती डावीकडे कलते, उलटा गेला की उजवीकडे. २५ हर्ट्झमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा इकडे आणि पंचवीस वेळा तिकडे, म्हणजे सेकंदाला पन्नास टोले. हातोडी आळीपाळीने दोन धातूच्या वाट्यांवर आदळते, आणि त्या वाट्यांचे स्वर मुद्दाम थोडे वेगळे ठेवलेले असतात. त्या दोन स्वरांच्या मिसळीतूनच घंटीचा ओळखीचा आवाज तयार होतो.

दारावरच्या साध्या विजेच्या घंटीत सर्किट जोडणारा-तोडणारा संपर्क असतो, तिथे ठिणगी पडते आणि तो झिजतो. फोनच्या घंटीत असा संपर्कच नाही. मला या रचनेचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते यासाठी.

ट्रिंग-ट्रिंग, आणि मग थोडं थांबून

आपल्याकडे घंटी जोडीने वाजते. ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते आणि मग २ सेकंद शांत. पूर्ण फेरी तीन सेकंदांची. प्रत्येक ०.४ सेकंदात हातोडीचे वीस टोले पडतात. अमेरिकेत २ सेकंद सलग वाजते आणि ४ सेकंद थांबते. परदेशातून आणलेला कॉर्डलेस फोन इथे जोडलात तरी घंटी भारतीय तालातच वाजते, कारण ताल एक्स्चेंज ठरवतं, फोन नाही.

तुम्ही रिसीव्हर उचलता तेव्हा घंटीचा एसी अजून लाइनवर असू शकतो. उचलताक्षणी डीसीचा प्रवाह सुरू होतो, एक्स्चेंज तो पकडतं, घंटीची वीज तोडतं आणि बोलणं जोडून देतं. याला रिंग ट्रिप म्हणतात. पावसाळ्यातला एक हमखास बिघाड याच रिंग ट्रिपमुळे होतो, म्हणून हा शब्द लक्षात ठेवा.

इथेच एक जुना पुणेरी रिवाज आठवतो. मुलगी मुंबईला पोचली की घरी "एक रिंग" द्यायची, कोणी उचलायचं नाही. पोचल्याची खूण झाली आणि ट्रंक कॉलचे किंवा एसटीडीचे पैसेही वाचले. पण कितीदा तरी असं व्हायचं की तिकडून रिंग दिलेली असायची आणि इकडे आजी काळजीत बसलेल्या, कारण घंटी वाजलेलीच नसायची. दोघीही खऱ्या होत्या. फोन करणाऱ्याच्या कानात जी रिंग ऐकू येते ती पलीकडच्या घंटीचा आवाज नसतो. तो ४०० हर्ट्झच्या आसपासचा वेगळा सूर आहे, एक्स्चेंजने आपल्या कानासाठी तयार केलेला. पलीकडे जाणारी २५ हर्ट्झची वीज वेगळी, आणि दोन्हींचे ताल एकाच क्षणी सुरू होतातच असं नाही. कानात एक रिंग ऐकून फोन ठेवला तेव्हा पलीकडे घंटीची दोन सेकंदांची शांतता चालू असू शकते. निरोपासाठी तीन रिंग तरी होऊ द्याव्यात, असं मी त्या काळीही सांगत असे आणि लँडलाइन असणाऱ्यांना आजही सांगते.

हात लावण्याआधी

घंटीचा झटका थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ७५ व्होल्ट हे सरासरी माप झालं. त्याचं शिखर १०६ व्होल्टपर्यंत जातं आणि खाली ४८ व्होल्ट डीसी असतोच. दोन्ही मिळून १५० च्या वर. ओल्या हातांनी रोझेट, म्हणजे लाइनच्या तारा फोनला जोडणारी भिंतीवरची डबी, उघडू नका, तारा दातांनी सोलू नका, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याला द्यावं. ढगांचा गडगडाट सुरू असेल तर त्या दिवशी काम नको.

घरात दुसरा फोन समांतर जोडलेला असेल तर एक सोपी युक्ती आहे: काम चालू असताना त्याचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवा. लाइन एंगेज राहते, एक्स्चेंज घंटी पाठवतच नाही, आणि लाइनवरचा दाबही दहा-बारा व्होल्टपर्यंत उतरतो. दुसरा फोन नसेल तर रोझेटमधून लाइनच सोडवून ठेवा.

पहिली तपासणी रोझेटवर

फोन उघडायची घाई करू नका. घंटी येतेय की नाही हे आधी बघायचं. मल्टिमीटर डीसीवर ठेवून रोझेटच्या दोन स्क्रूंवर टेकवा. रिसीव्हर खाली असताना ४८ च्या जवळपास आकडा दिसायला हवा. उणे चिन्ह दिसलं तर काळजी नको, तारा उलट आहेत एवढंच. रिसीव्हर उचलल्यावर ६ ते १२ व्होल्ट दिसले म्हणजे लाइन निरोगी आहे.

आता मीटर एसीच्या २०० किंवा २५० व्होल्टच्या रेंजवर घ्या आणि मोबाइलवरून त्या नंबरला फोन लावा. डिजिटल मीटरचा आकडा स्थिरावायला वेळ लागतो आणि घंटी ०.४ सेकंदच वाजते, म्हणून आकडा नाचत राहील. साठच्या पुढे उडी घेताना दिसला की पुरे. काट्याचा मीटर इथे खरोखर उपयोगी पडतो. नाशिकच्या मोटवाने कंपनीचा जुना मीटर कोणाकडे असेल तर तोच घ्या. काटा आधीच थोडा चढलेला दिसेल, कारण तो खालचा डीसीही मोजतो. बघायची असते ती जोडीने येणारी उडी. एक्स्चेंजपासून घर लांब असेल तर तारेतच काही व्होल्ट खर्ची पडतात, तेव्हा आकडा थोडा कमी आला म्हणून लगेच तक्रार नोंदवू नका.

उडी दिसते आणि फोन वाजत नाही, तर दोष फोनमध्ये. उडीच नाही, तर दोष बाहेर.

फोन उघडल्यावर

खालचे स्क्रू काढले की प्लास्टिकचं कव्हर अलगद निघतं. आयटीआयच्या, म्हणजे १९४८ साली बेंगळुरूला सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या फोनात सगळं ऐसपैस बसवलेलं असतं, हात घालायला जागा मिळते. सगळ्यात आधी नुसतं बघा. घंटीच्या दोन वायर टर्मिनल पट्टीवर पक्क्या आहेत का? बरेचदा दुसऱ्या खोलीतल्या फोनची घंटी नको म्हणून कोणीतरी एक वायर सोडवून टेपने गुंडाळून ठेवलेली असते. ती स्क्रूखाली परत बसवली की काम संपलं, असे फोनही माझ्याकडे आले आहेत.

वायर ठीक असतील तर कॉइल मोजा. एक वायर सोडवा, मीटर ओहमवर ठेवा. एक ते चार किलोओहमच्या दरम्यान काही आलं तर कॉइल जिवंत आहे. काहीच आलं नाही तर केसाएवढी बारीक तार कुठेतरी तुटली आहे. बहुधा कॉइलच्या बाहेरच्या टोकाशी, जिथे ती जाड वायरला जोडलेली असते. भिंग घेऊन बघा. तिथे तुटली असेल तर इनॅमल, म्हणजे तारेवरचा पातळ लेप, हलकेच खरवडून सोल्डर करता येते. आत तुटली असेल तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या फोनची घंटी शोधणं शहाणपणाचं. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात गेलात तर फुटक्या कव्हरचे फोन सापडतात, आणि आतली घंटी बहुतेक वेळा शाबूत असते.

मग कपॅसिटर. जुने कपॅसिटर कागद आणि धातूच्या पातळ पत्र्याचे, मेणात बुडवून पत्र्याच्या डबीत बसवलेले. इतक्या वर्षांत त्यांत दमटपणा शिरतो. दोन प्रकारे बिघडतात. क्षमता गेली तर घंटी मंद वाजते किंवा नुसती थरथरते. गळायला लागला तर डीसी आरपार जातो आणि एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचललेला आहे. मग लाइन कायम एंगेज लागते, किंवा घंटी पहिल्याच ठोक्याला बंद पडते. कपॅसिटर सोडवून, त्याची टोकं क्षणभर एकमेकांना टेकवून रिकामा करा आणि ओहमच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर मोजा. आकडा किंवा काटा एकदा हलून परत अनंताकडे गेला पाहिजे. मधेच थबकला तर तो कपॅसिटर गेला.

नवा घेताना १.८ किंवा २.२ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर फिल्मचा घ्या, २५० व्होल्टचा निदान, ४०० चा मिळाला तर जास्त चांगला. वरचा १५० व्होल्टचा हिशेब आठवा, शिवाय वादळात लाइनवर येणारे झटके वेगळे. इलेक्ट्रोलायटिक मुळीच नको: त्याला अधिक-उणे असतं आणि इथे वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलते. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत "दोन पॉइंट दोनचा, चारशे व्होल्टचा फिल्म कपॅसिटर" एवढं सांगितलं की काउंटरवर मिळतो. कोणी "हा पण चालेल बघा" म्हणून इलेक्ट्रोलायटिक पुढे केला तर नम्रपणे नको म्हणा.

शेवटी आवाज जुळवणं. वाटीचं भोक मुद्दाम मध्यापासून जरा सरकवलेलं असतं. स्क्रू किंचित सैल करून वाटी फिरवली की ती हातोडीच्या जवळ येते किंवा लांब जाते. हातोडी विश्रांतीला असताना वाटीला टेकता कामा नये. टेकली तर टोला पडताच नाद दाबला जातो आणि खडखडाट ऐकू येतो. जाड पोस्टकार्डाएवढी फट ठेवा. हातोडीने आपल्या वेगात पुढे जाऊन वाटीला स्पर्श करून मागे यावं. एक वाटी जुळवा, मग दुसरी, मग दोन्ही मिळून ऐका. घाई करू नका, या कामात कान हेच माप आहे. वाट्यांवर काळपट थर असेल तर चिंच-मिठाने घासून, कोरड्या करून बसवा, पण कॉइलजवळ पाण्याचा थेंबही नको.

पट्टीला एक बारीक स्प्रिंग असतं आणि बऱ्याच फोनांत ते दोन खाचांपैकी एकीत अडकवता येतं. एक खाच कडक, एक मऊ. हे स्प्रिंग पट्टीला एका बाजूला धरून ठेवतं. नंबर फिरवताना डायल सेकंदाला दहा वेळा लाइन तोडते-जोडते आणि तेवढ्या धक्क्यांनी घंटी टिणटिण करू नये म्हणून ते असतं. शेजारच्या खोलीतला फोन फिरवताना हा फोन टिणटिणत असेल तर स्प्रिंग कडक खाचेत घाला, नाहीतर रोझेटवरच्या दोन तारा अदलाबदल करून बघा. घंटी अशक्त वाजत असेल तर मऊ खाच.

लाइन नसताना घंटी वाजवून बघायची असेल तर

बऱ्याच जणांकडे आता लँडलाइनच नसते. मग तपासायचं कसं? घरातली २३० व्होल्टची वीज थेट जोडायची नाही, कपॅसिटर मधे आहे म्हणूनसुद्धा नाही. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याच्या दोन टोकांच्या तारांवर ४८ व्होल्ट एसी मिळतो, त्यावर काही सेकंद घंटी हलते का ते बघता येतं. पण ती नीट वाजणार नाही. ५० हर्ट्झला पट्टी पूर्ण कललेली नसतानाच तिला उलटं ओढलं जातं, झोपाळा अर्ध्यावर असताना मागे ढकलावा तसं. गुरगुर ऐकू आली तर कॉइल आणि कपॅसिटर शाबूत, एवढाच निष्कर्ष काढा. जुन्या बाजारात लष्करी फील्ड टेलिफोनचा हाताने फिरवायचा मॅग्नेटो, म्हणजे वीज तयार करणारं छोटं यंत्र, मिळाला तर तो सोडू नका. दांडी मध्यम वेगाने फिरवली की कोणतीही घंटी झकास वाजते. पूर्वी फोन करणाराच अशी दांडी फिरवून पलीकडची घंटी वाजवत असे.

घरातल्या कॉलेजच्या मुला-मुलींना सोबत घेऊन खरा भारतीय ताल वाजवायचा असेल तर असं करा. २३० वरून २४ व्होल्ट, अर्ध्या अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर उलटा वापरायचा. एल२९८ चं मोटर चालवायचं मॉड्यूल आणि एक आर्डुइनो (प्रोग्राम लिहून चालवता येणारा छोटा बोर्ड) घ्या. मॉड्यूलला १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या, त्याच्या दोन आउटपुट तारा ट्रान्सफॉर्मरच्या २४ व्होल्टच्या बाजूला जोडा, आणि २३० च्या बाजूच्या दोन तारा फोनला. आर्डुइनोच्या दोन पिन आळीपाळीने दर २० मिलिसेकंदांनी चालू-बंद करायच्या: एक चालू तेव्हा दुसरी बंद. झाले २५ हर्ट्झ. ४०० मिलिसेकंद असं चालवा, २०० थांबा, पुन्हा ४००, मग २००० थांबा. मॉड्यूलमध्ये दोनेक व्होल्ट जातात, ट्रान्सफॉर्मर उरलेल्याचे साडेनऊ पट करतो, आणि फोनवर ८० ते ९० व्होल्ट पोचतात. थांबलेल्या वेळात दोन्ही पिन बंद असल्याच पाहिजेत; एक जरी चालू राहिली तर ट्रान्सफॉर्मरमधून सरळ डीसी वाहून तो तापेल. आणि हे सगळं फक्त सुट्या फोनवर. चालू लाइनला ही वीज चुकूनही जोडू नका. फोनकडच्या तारा इन्सुलेशन टेपने बंद करा, त्यांना खरा झटका असतो.

पावसाळ्यातली अर्धी घंटी

जून-जुलैत एक तक्रार नेहमी येते: घंटी अर्धी वाजते आणि तुटते, उचलावं तर नुसता डायल टोन. फोन करणाऱ्याला वाटतं उचलून ठेवला. खांबावरच्या डीपीत, म्हणजे तारा वाटून देणाऱ्या डब्यात, किंवा जमिनीतल्या जोडात पाणी गेलं की दोन तारांमध्ये थोडा प्रवाह गळायला लागतो. एरवी तो एक्स्चेंजच्या लक्षात यावा इतका नसतो. घंटीचा जास्तीचा दाब आला की गळती वाढते, एक्स्चेंज समजतं उचलला, आणि रिंग ट्रिप होते. हा फोनचा दोष नाही. खात्री करायला घरातले सगळे फोन काढा आणि एकच चांगला फोन लावून बघा. तरीही घंटी तुटत असेल तर लाइनमनला "फोन डेड आहे" असं सांगू नका. "घंटी अर्ध्यात तुटते, खरखर आहे, जोड ओला झाला असावा" असं सांगा. त्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

एकाच लाइनवर किती घंट्या वाजतील यालाही मर्यादा आहे. जुन्या पद्धतीच्या तीन घंट्यांपर्यंत बहुतेक लाइन सांभाळते. त्यापुढे सगळ्याच अशक्त होतात. बटणांच्या फोनांत घंटीऐवजी केए२४११ सारखी आयसी आणि पातळ चकतीचा बझर असतो. तो घंटीच्याच एसीवर चालतो पण फार थोडी वीज घेतो, त्यामुळे असे फोन जास्त जोडले तरी चालतात.

फायबर आल्यावर

आता पेठांतसुद्धा तांब्याच्या जोडीऐवजी फायबर येतंय. काचेच्या धाग्यातून वीज जात नाही, मग घंटी येते कुठून? घरात बसवलेल्या मोडेमच्या डब्यातून. त्याच्या फोनच्या पोर्टमागे एक छोटं सर्किट ४८ व्होल्ट डीसी आणि घंटीचा एसी दोन्ही तिथेच तयार करतं. तार काही मीटरचीच असल्यामुळे तो घंटीला बरेचदा ७५ पेक्षा कमी व्होल्ट देतो. नव्या फोनला ते पुरतात, जुन्या घंटीला कधीकधी नाही.

अशा वेळी पोर्टवर एकच डायलचा फोन ठेवा, स्प्रिंग मऊ खाचेत घाला, कपॅसिटर १ ऐवजी २.२ मायक्रोफॅरडचा करा, आणि वाट्यांची फट पुन्हा जुळवा. एवढ्यावर बहुतेक घंट्या वाजतात. मोडेमच्या किंवा वेगळ्या घेतलेल्या व्हॉइस अडॅप्टरच्या (इंटरनेटवरून साधा फोन चालवणाऱ्या डबीच्या) सेटिंगमध्ये घंटीचे हर्ट्झ निवडता येत असतील तर २५ निवडा. २० वरही वाजते, पण संथ.

घरात जुनं वायरिंग असेल आणि मोडेमचा पोर्ट रोझेटला जोडून सगळ्या खोल्यांत घंटी न्यायची असेल, तर आधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी रोझेटमधून पूर्ण सोडवा. तिच्यावर अजून एक्स्चेंजचा दाब असेल तर दोन्हीकडच्या विजा समोरासमोर येऊन मोडेमचा पोर्ट जळतो.

घंटी वाजली, रिसीव्हर उचलून बोलताही आलं, तरी डायल फिरवून नंबर लागेलच असं नाही. डायल लाइन तोडून-जोडून आकडे पाठवते, ९ ला नऊ ठोके, ० ला दहा. ते मोजायची सोय बऱ्याच मोडेममध्ये दिलेलीच नसते. काही व्हॉइस अडॅप्टरमध्ये पल्स डायलिंगचा पर्याय असतो, घेण्याआधी तेवढं विचारून घ्या. आणि लाइट जाते तेव्हाचा विचार आजच करून ठेवा. पूर्वी एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवर घरातला अंधारातला फोनही वाजत असे. आता मोडेम बंद तर घंटी बंद. घरात वयस्कर माणसं असतील तर मोडेमला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, पण आधी मोडेमच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून तेवढाच घ्या.